कोठीच्या किल्ल्या

मोठ्या घरांत लग्नकार्य निघालें म्हणजे कोठीच्या किल्ल्या कोणाकडे द्यावयाच्या, ही गोष्ट मुहूर्ताइतक्याच विचारानें ठरते. राज्याचेंही तसेंच आहे. कौटिल्यानें धान्याच्या कोठारावर, व्यापारी मालावर व शस्त्रागारावर निरनिराळे अध्यक्ष सांगितले आहेत. आमच्या मराठवाड्यांत फौजांना धान्य पुरविण्याचें काम एके काळीं बंजारे करीत. मोगलांच्या दक्षिणेंतील स्वाऱ्या त्यांच्या बैलांच्या जिवावर चालत. परंतु तांड्याचा नाईक हा सरकारी चाकर नव्हे. तो आपल्या बैलांचा धनी होता.

व्यापारी माणूस स्वतःच सरकारी कोठीवर बसला, याचें महाराष्ट्रांतील ठळक उदाहरण म्हणजे सर होमी मोदी (१८८१–१९६९). मुंबईच्या या पारशी गृहस्थांनीं गिरणीमालक संघाचें अध्यक्षपद अनेक वर्षें सांभाळलें. पुढें ते टाटांच्या कारभारांत शिरले. १९३३ सालीं लँकेशायरच्या गिरणीवाल्यांशीं त्यांनीं केलेला करार राष्ट्रीय पक्षास मुळींच रुचला नव्हता. जुलै १९४१ मध्यें व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनीं आपलें कार्यकारी मंडळ वाढविलें, तेव्हां पुरवठा खातें मोदींकडे आलें.

खातें लहान नव्हतें. १९३९ मध्यें सुमारें २ लाख असलेलें हिंदी सैन्य १९४५ पर्यंत २५ लाखांच्या घरांत गेलें. त्यांना गणवेशाचें कापड, तंबू, बूट, कांबळीं, दारूगोळा, सर्वच हवें. शिवाय ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका इत्यादि देशांची मागणी व पुरवठा जुळविणारी एक समिति दिल्लींत बसली होती ती निराळीच. अशा जागीं गिरणीचा जाणकार हवा, हें आम्हांस पूर्णपणें मान्य आहे. गिरणीवाल्याची कोणती सबब खरी व कोणती खोटी, हें त्यास दुसऱ्यानें शिकवावें लागत नाहीं. विकणारे व घेणारा एकाच पंक्तींतले, ही शंका मात्र उरतेच. आणि ती घेणें गैर नव्हे.

आमचा बीड जिल्हा त्या वेळीं निजामाच्या राज्यांत. कापूस आमच्या शेतांत, पण धोतरजोडी व लुगडें मिळेना, अशा कथा आम्हीं घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या तोंडून पुष्कळ ऐकल्या आहेत. ब्रिटिश मुलखांत कापडावर नियंत्रणाचा हुकूम निघाला तो जून १९४३ मध्यें. तोंवर मोदी त्या जागीं राहिले नव्हते.

कारण कोठीच्या किल्ल्या मिळाल्या तरी तिजोरीच्या मिळाल्या नव्हत्या. गृह व अर्थ हीं खातीं इंग्रज अधिकाऱ्यांनीं सोडलीं नाहींत. धाकट्या सुनेनें शंभर पानांचा स्वयंपाक रांधावा, पण पंक्तीला कोणास बोलवावें हें तिला कोणी विचारूं नये, त्यांतलाच हा प्रकार! ऑगस्ट १९४२ मध्यें गांधीजी अटकेंत पडले तेव्हां मोदी पदावरच होते, आणि त्याबद्दल त्यांस दोष देणाऱ्यांस आम्ही चूक म्हणणार नाहीं. पण १० फेब्रुवारी १९४३ रोजीं पुण्याच्या आगाखान महालांत गांधीजींचा २१ दिवसांचा उपवास सुरू झाला. त्यांना सोडावें, हें म्हणणें व्हाइसरॉयनीं ऐकलें नाहीं. तेव्हां मोदी, आपले यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे व बंगालचे नलिनी रंजन सरकार या तिघांनीं राजीनामे दिले. ज्यानें दहा वर्षांपूर्वीं लँकेशायरशीं जमवून घेतलें, तोच व्यापारी येथें मात्र सौदा करीना, याचें आम्हांस विशेष वाटतें.

खातें पुढें सर रामस्वामी मुदलियार यांच्याकडे गेलें. तंबू, बूट, कापड पूर्ववत् जातच राहिलें. त्या मालाचे व लष्करी खर्चाचे इंग्लंडकडे येणें असलेले पैसे युद्धाअखेर सुमारें १३० कोटि पौंडांवर गेले होते. मोदी मुंबईस परतले. १९४९ मध्यें स्वतंत्र हिंदुस्थानानें त्यांस संयुक्त प्रांताचे राज्यपाल नेमिलें.