कुलूपवाले सर, फुटबॉलवाले सर

रात्री 'कोच कार्टर' सिनेमा पुन्हा पाहिला. १९९९ साली अमेरिकेतल्या रिचमंडच्या केन कार्टरने एकही सामना न हरलेल्या आपल्याच शाळेच्या बास्केटबॉल संघासाठी जिमला कुलूप ठोकलं. का, तर पोरांचे मार्क कमी. 'ग्लोरी रोड' सिनेमातले प्रशिक्षक हॅस्किन्सही कडकच, १९६६च्या कॉलेज बास्केटबॉलच्या अंतिम सामन्यात पाचही कृष्णवर्णीय खेळाडू उतरवणारे. पण मला जवळचे वाटतात आपल्या नागपूरचे विजय बारसे सर, ज्यांच्यावरून 'झुंड' निघाला. भर पावसात फुटकी बादली लाथाडणाऱ्या झोपडपट्टीतल्या पोरांना त्यांनी फुटबॉल दिला. तिथे कुलूप चाललंच नसतं. सगळीकडून हाकललेल्या पोरांना आधी आत घ्यावं लागतं. यवतमाळात पोस्टल ग्राउंडवर अंधार पडेस्तोवर खेळणाऱ्यांना आधी बारसे सरांसारखं कुणी मिळावं. मार्कशीट मागणारा कार्टर वर्षभराने आला तरी चालेल.