फोनचं कुलूप, वाय-फायचा पासवर्ड

उंब्रजात ज्यांच्या घरी फोन होता, त्यांचा नंबर अर्ध्या आळीच्या पाहुण्यारावळ्यांना पाठ असायचा. मुंबईत माथाडीत किंवा गिरणीत असलेला मुलगा रविवारी रात्री त्यावर फोन लावायचा. "दहा मिनिटांनी परत करतो, आईला बोलवून ठेवा," एवढंच सांगायचा आणि त्या घरातलं पोर अनवाणी पळत सुटायचं. कार्डावर नंबराच्या पुढं 'पी.पी.', म्हणजे शेजाऱ्याचा फोन, असं लिहायला कुणाला संकोच वाटत नसे. दुसऱ्याचा फोन आपलाच, असं समजण्याइतकी माणसं जवळ होती.

तरीही त्या काळ्या फोनच्या डायलला कुलूप असायचं. बोटाच्या पेराएवढं, डायलच्या एका भोकात अडकवलेलं. आलेला फोन घ्यावा, लावायचा तर त्या घरच्या काकांकडून किल्ली मागावी. एसटीडीचं बिल परवडणारं नव्हतं. रात्री दर उतरेपर्यंत लोक जागत बसत. त्या कुलपालाही पळवाट होतीच. रिसीव्हर उचलून त्याच्या खालची खुंटी टकटक दाबायची: तीनदा दाबली की तीन, दहादा दाबली की शून्य. डायलही तेवढ्याच वेळा लाइन तोडून एक्स्चेंजला आकडा कळवत असे, त्यामुळं हात बसलेल्या पोराला कुलूप आडवं येत नसे. पण चोरी घरातच व्हायची, डोळ्यांदेखत वाढलेल्या पोराकडून. बिल आलं की त्याचा कान हातात यायचा.

आज तारळी-कृष्णेच्या संगमापासून हमरस्त्यापर्यंत घरोघरी राउटर आहे. पाहुणा टेकला की पाण्याच्या तांब्यापाठोपाठ त्याला पासवर्ड मिळतो. ही रीत मला मनापासून आवडते. जुन्या फोनचा शेजारधर्म तिच्यात शिल्लक आहे. काळजी वाटते ती पासवर्डची. घरमालकाचा मोबाइल नंबर, नाहीतर मुलाचं नाव आणि पुढं 123. फोन करायला आलेला माणूस समोर खुर्चीत बसलेला दिसायचा. वाय-फाय भिंत ओलांडून रस्त्यावर जातं आणि ते कोण वापरतंय, हे घरातल्यांना दिसत नाही.

2008 च्या जुलैत अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, तेव्हा धमकीचा ई-मेल गेला होता तो नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका घरातल्या उघड्या वाय-फायवरून. घरातल्यांचा त्याच्याशी संबंध नव्हता, पण तपास पहिल्यांदा त्यांच्याच दाराशी पोचला. कनेक्शन ज्याच्या नावावर, विचारणा त्यालाच होते.

वाय-फायची कुलपंही जुनी झाली की निकामी होतात. 1997 सालचं डब्ल्यूईपी 2001 पर्यंत संशोधकांनी फोडलं होतं. 2004 मध्ये डब्ल्यूपीए-2 आलं, 2018 मध्ये डब्ल्यूपीए-3. तुमच्या राउटरमध्ये या दोन्हींपैकी एक चालू हवं. बटण दाबून मोबाइल जोडायची डब्ल्यूपीएस नावाची सोयही बंद करावी. तिच्या जुन्या पद्धतीत आठ आकडी पिन असतो, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो. त्यामुळं फार तर अकरा हजार प्रयत्नांत तो सापडतो, हे 2011 मध्ये उघड झालं. संगणकाला ते काही तासांचं काम. खुंटीवरच्या टकटकीहून हे वेगळं काय?

राउटरच्या आत शिरायचा पासवर्ड वेगळा असतो. तो बऱ्याच घरांत कारखान्यातून आला तसाच, 'अ‍ॅडमिन', राहिलेला असतो. तो आधी बदला. वाय-फायचा पासवर्ड चांगला लांब ठेवा. घरातल्यांनाच ठाऊक असलेलं, पाच-सहा शब्दांचं मराठी वाक्य इंग्रजी अक्षरांत लिहिलं तरी चालतं. त्रेसष्ट अक्षरांपर्यंत मुभा आहे. आणि पाहुण्यांसाठी 'गेस्ट नेटवर्क' चालू करा. म्हणजे आल्यागेल्याला इंटरनेट मिळतं आणि घरातले कॅमेरे, संगणक त्याच्यापासून वेगळे राहतात. पाहुणचारात काही कमी होत नाही.

आपल्या आळीत अशी कितीतरी घरं आहेत, जिथं मुलं पुण्या-मुंबईला आणि मागं म्हातारा-म्हातारी. व्हिडिओ कॉलसाठी मुलांनी राउटर बसवून दिला, पण आतला पासवर्ड कुणी बदलला नाही. या रविवारी त्यांच्याकडं जा, तो बदलून द्या आणि त्यांच्या वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे.