पहिल्यासारखे करा

पावसाळ्यात भिगवणला दोन माणसं भेटली की खुशालीच्या आधी विचारणा होते ती धरणाची. ‘उजनी किती टक्के?’ सकाळी पाणीपातळीचा आकडा व्हॉट्सॲपवर येतो आणि स्टँडवरच्या चहाच्या टपरीपासून मच्छी मार्केटपर्यंत पसरतो. बाहेरगावच्या माणसाला हे टक्के चटकन कळत नाहीत. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. टक्के मोजतात ते फक्त वरच्या पाण्याचे. म्हणून उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्यात उतरलं की आकडा उणे होतो, आणि सगळे म्हणतात, उजनी मायनसमध्ये गेली. भीमेच्या खोऱ्यात वर दमदार पाऊस झाला की तोच आकडा शंभराच्याही पुढे जातो.

बाबा असेपर्यंत हा आकडा मला पुण्यात त्यांच्या आवाजात मिळायचा. टाइप करणं त्यांना जमायचं नाही, म्हणून ते माइकचं बटण दाबून बोलत. चार-पाच सेकंदांचा निरोप असे. ‘आज बासष्ट. दौंडला विसर्ग वाढलाय.’ पुढे काही नाही. २०२२च्या उन्हाळ्यात ते गेले. चार पावसाळ्यांचे त्यांचे हे आकडे माझ्या आयफोनमध्ये आहेत. फोन बदलण्याचा विचार मी तीन वर्षं लांबणीवर टाकत आले त्याचं मूळ तिथे आहे, हे मला यंदाच्या संक्रांतीला घरी गेल्यावर नीट कळलं.

भाचा बारामतीला इंजिनिअरिंग शिकतो. फोनची नवी आवृत्ती लोकांच्या हाती पडण्याआधी चाचणीसाठी घ्यायची, हा त्याचा छंद. त्याच्याकडे गूगलचा पिक्सेल आहे, त्यावर २०२५च्या जूनमध्ये आलेलं अँड्रॉइड १६, आणि त्याच्याही पुढची चाचणीची आवृत्ती. माझा आयफोन सहाव्या वर्षात गेलाय, नवा घ्यायचा तर आता घ्यायचा, हे त्याला माहीत होतं. ‘मावशी, आठ दिवस हा वापर, मग ठरव,’ म्हणत त्याने माझं सिमकार्ड त्यात घातलं. वर एक सूचना दिली. बीटामधून मागे मूळ आवृत्तीवर यायचं असेल तर फोन पूर्ण पुसावा लागतो, म्हणून यात जपून ठेवावं असं काही ठेवू नकोस.

पहिले दोन दिवस मी नुसती बघत होते. बटण दाबलं की ते किंचित पसरतं. एखादी सूचना बोटाने बाजूला सारली की तिच्या खालच्या-वरच्या सूचनाही जराशा ओढल्या जातात, दोरीवरचा एक कपडा काढताना शेजारचे हलावेत तशा. ज्याने हे केलं त्याने वस्तूंकडे नीट पाहिलेलं असणार. मला ते मनापासून आवडलं. एका बँकेचं ॲप मात्र चाचणीच्या आवृत्तीवर उघडायला तयार नव्हतं. तेवढ्यासाठी जुना फोन उशाशी ठेवावा लागला.

तिसऱ्या दिवशी मी फोनची भाषा मराठी केली, आणि खरी गोष्ट तिथून सुरू झाली.

आई चौथीपर्यंत शिकलेली. तिचा फोन सात हजारांचा अँड्रॉइड, आणि तो पहिल्या दिवसापासून मराठीत. मी मुद्रितशोधनाचं काम करते, दिवसभर मराठी वाचते, मराठीतल्या चुका काढते, आणि माझा फोन मात्र इतकी वर्षं इंग्रजीत होता. त्यामुळे मराठी केलेल्या त्या नव्या फोनमध्ये मी अडखळायला लागले. कुठल्या शब्दामागे काय दडलंय ते कळेना. एक फोटो चुकून हटवला आणि गडबडले. आई शेजारी बसून मटार सोलत होती. तिने मान तिरकी करून पाहिलं, म्हणाली, ‘आगं, खाली आलंय बघ. पहिल्यासारखे करा. दाब की ते. लवकर दाब, जातं ते लगेच.’

दाबलं. फोटो परत आला.

‘अनडू’ला मी स्वतः कुठला शब्द सुचवला असता? पूर्ववत करा, कदाचित. शुद्ध, आटोपशीर, कागदावर शोभणारा. पण आईच्या तोंडात जो शब्द बसला होता तो बोलण्यातला होता. रुसलेल्या दोन घरांत मध्यस्थी करणारा माणूस म्हणेल तसा. कोणा अनोळखी अनुवादकाने तो निवडला असेल, त्याचे आभार मानायला हवेत.

मला मग या शब्दांचा इतिहास बघावासा वाटला, धंद्याची सवय म्हणून. अँड्रॉइडचा पहिला फोन आला २००८च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात. आयफोनही भारतात त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आला. आणि त्याच वर्षी युनिकोडमध्ये ‘ॲ’ हे अक्षर स्वतंत्र जागा मिळवून बसलं, ज्याच्यावाचून मराठीत ‘ॲप’ही लिहिता येत नाही आणि ‘ॲपल’ही. पुढे २०१४च्या सप्टेंबरात गूगलने अँड्रॉइड वन नावाचे स्वस्त फोन काढले. त्यांची सुरुवात जगात सगळ्यांत आधी भारतात झाली, किंमत साडेसहा हजारांच्या आत. दोनच महिन्यांनी अँड्रॉइड ५ आलं, आणि त्यात संपूर्ण फोनची भाषा म्हणून मराठी होती. २०१६ला जिओमुळे इंटरनेट स्वस्त झालं. २०१७च्या ऑगस्टमध्ये मराठी बोलून मराठी टाइप करायची सोय आली. आयफोनचा सगळा पडदा मराठीत झाला तो ३१ मार्च २०२५ रोजी आलेल्या आयओएस १८.४मध्ये.

म्हणजे दोहोंत दहा वर्षांहून थोडं अधिक अंतर. ही दहा वर्षं मला फार महत्त्वाची वाटतात. आमच्याकडच्या बायका, भाजीवाले, दूध घालणारे, होड्या चालवणारे ह्याच दहा वर्षांत फोन शिकले, आणि एकमेकांकडून शिकले. जाऊने जावेला दाखवलं, नातवाने आजीला, दुकानदाराने गिऱ्हाइकाला.

त्या रात्री मी माझा आयफोनही मराठीत केला. न्यायाने वागायचं तर दोन्ही फोन एका पातळीवर आणून बघायला हवेत. छान दिसत होता. अक्षरं रेखीव, ओळींमध्ये मोकळी जागा. सकाळी मी तो आईच्या हातात दिला. तिने सगळे शब्द वाचले, एकही अडला नाही. पण मागे जायला तिचं बोट जिथे गेलं तिथे काही नव्हतं. शब्द कळत होते, वाट कळत नव्हती. थोड्या वेळाने तिने फोन परत माझ्या हातात ठेवला. ‘चांगला हाय गं. पन कुणाला इचारायचं म्हनलं तर हितं कुणाकडं हाय हा?’

भारतात शंभरांतले नव्वदहून अधिक फोन अँड्रॉइड आहेत. आमच्या गल्लीत ते प्रमाण शंभराला टेकलेलं असावं. पुण्यात माझ्या भोवती आयफोनवालेच जास्त, मला काही अडलं की शेजारच्या टेबलावर विचारता येतं. २०२५च्या सप्टेंबरात तर कोरेगाव पार्कात ॲपलचं स्वतःचं दुकानही उघडलं. भिगवणमध्ये माझ्या फोनची काच फुटली तर दुकानदार सुटा भाग पुण्याहून मागवतो. आईच्या फोनची काच तो संध्याकाळपर्यंत बसवून देतो. एवढ्या वर्षांत मला हे कधी जाणवलं नाही, कारण घरी आले की माझं काही बिघडायच्या आत मी परत निघालेली असायचे.

आईचा तो प्रश्न ऐकून मला आमच्या घराच्या दाराची आठवण झाली. आठवण कसली, ते समोरच होतं.

उजनीचं धरण १९८०ला पुरं झालं. त्याच्या पाण्याखाली इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत तालुक्यांतली गावं गेली. आजोबांचं गावही गेलं, भीमेच्या काठचं. आम्ही वाढलो ते पुनर्वसित गावठाणात. नव्या घराला जे दार आहे ते जुन्या वाड्याचं, सागाचं, चौकटीसकट उचलून आणलेलं. आई तेव्हा नव्याने सासरी आलेली. ती सांगते, आजोबांनी माळवद उतरवताना प्रत्येक तुळईवर आणि खांबावर चुन्याने आकडे घातले होते. कुठला कशाला लागायचा ते नव्या जागी चुकू नये म्हणून. दोन बैलगाड्या लाकूड आलं. जातं आलं, पाटा-वरवंटा आला, तुळशीवृंदावनाचा दगड आला. घर उभं राहिलं तेव्हा तीन तुळया उरल्या, कारण नवी जागा लहान होती. त्या अजून गोठ्यात आहेत, एकीवर चुन्याचा सातचा आकडा दिसतो.

विहीर आली नाही. नदीकाठची मळई आली नाही, जिथे कलिंगडं आणि वांगी नुसत्या ओलीवर यायची. आणि शेजार आला नाही. एकाच आळीतली घरं तीन वेगवेगळ्या गावठाणांत पांगली. आजी म्हणे पुढे कित्येक वर्षं चूल पेटवायला विस्तव मागायला उठायची आणि दारात जाऊन थांबायची, की आता कोणाकडे जायचं. पाणी फार उतरलं की जुन्या पळसदेवचं देऊळ उघडं पडतं, लोक बघायला जातात. आजोबा कधी गेले नाहीत.

फोन बदलणं आणि गाव उठणं यांची बरोबरी मी करत नाही. तशी केली तर ज्यांची गावं गेली त्यांचा अपमान होईल. मला आजोबांकडून घ्यायचं होतं ते त्यांचं चुन्याचं भांडं. काय उचलता येतं आणि काय येत नाही, हे निघायच्या आधी मोजायचं, वस्तूवर आकडा घालायचा. मी वही काढली आणि मोजायला बसले.

संपर्क, फोटो, कॅलेंडर येतात. नोंदी बहुतेक येतात. विकत घेतलेली काही ॲप्स पुन्हा घ्यावी लागतील. व्हॉट्सॲपचं माझ्या मनात सगळ्यांत भय होतं. आयफोनवरून अँड्रॉइडवर जुनी संभाषणं नेण्याची सोय २०२१पर्यंत नव्हतीच. आता आहे. दोन फोन केबलने जोडायचे, आणि हे करायचं ते नवा फोन पहिल्यांदा सुरू करतानाच, किंवा तो पुसून कोरा करून. संदेश येतात, चित्रं येतात, बोललेले निरोप येतात. कॉलची यादी तेवढी येत नाही. बाबांनी कधी, किती वाजता व्हिडिओ कॉल केला होता, ते जुन्या फोनमध्येच राहणार. वहीत मी त्यापुढे ‘विहीर’ असं लिहिलं.

आयफोनच्या बाजूलाही वहीत बरंच होतं. सहा वर्षांत त्याने मला कधी अडचणीत टाकलं नाही. कुठलं ॲप माझ्या मागावर राहील ते मला विचारल्याखेरीज होत नाही, ही २०२१पासूनची सोय मला मोलाची वाटते. अद्ययावत राहण्याचा त्याचा मुद्दा मात्र आता तेवढा एकट्याचा उरलेला नाही. २०२३च्या पिक्सेल ८पासून गूगलही सात वर्षं नव्या आवृत्त्या द्यायला बांधील आहे.

शेवटच्या दिवशी भाच्याला घेऊन कुंभारगावला गेले. पाणी उतरत होतं, उथळ झालेल्या भागात रोहित पक्षी चिखल घुसळत उभे होते. हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब लांब काठावर बसले होते. नावाड्याने होडी बंद करून खिशातून फोन काढला. कडेला काच तडकलेला, पण पडदा मराठीत. झाडीतून येणारा आवाज त्याने मर्लिन नावाच्या ॲपला ऐकवला, नाव आलं, त्याने मान हलवली. ‘ताई, हा आवाज मला ठावा होता. पण पुण्याच्या माणसाला आपलं तोंडी नाव पटत न्हाई, म्हणून ह्याला इचारतो.’ मग त्याने माझ्या हातातला फोन पाहिला. त्यातला कॅमेरा रात्री कसा चालतो, बॅटरी किती टिकते, हे त्याने विचारलं, आणि माझं एक सेटिंग चुकलंय ते सांगून स्वतःच बदलून दिलं. त्याने माझ्या हातातल्या फोनला हात लावावा असं इतक्या वर्षांत पहिल्यांदा घडलं.

भाच्याचा फोन परत केला, आणि पुढच्या महिन्यात माझा नवा घेतला, साधी आवृत्ती असलेला, बीटा नको. तो पुण्यात सुरू करता आला असता. मी खोकं न उघडता भिगवणला आणला.

सागाच्या दाराशी, ओट्यावर, दोन्ही फोन केबलने जोडले. पडद्यावरचा आकडा सरकू लागला. आई धुणं वाळत घालून आली, शेजारी टेकली आणि विचारलं, ‘किती टक्के?’

‘एकवीस.’

ती उठली नाही. चहा थंड झाला तरी बसून राहिली. मधे दोनदा विचारलं. शंभर झाल्यावर मी बाबांचं नाव शोधलं, वर वर सरकत २०२१च्या श्रावणात गेले आणि एक निरोप दाबला. आधी पावसाचा आवाज, मग ते. ‘आज चौऱ्याहत्तर. छत्री घेऊन जा.’

‘आवाज वाढव की जरा,’ आई म्हणाली. ‘आन पुढचा लाव.’