दादाची टेप

‘काका, उद्या ओन्टारिओला जायचंय,’ असे पुतण्याने सांगितले तेव्हा मी मुकाट्याने बॅगेतून लोकरी मफलर काढला. ओन्टारिओ मला भूगोलाच्या पुस्तकात भेटले होते ते कॅनडातले, आणि महिना नोव्हेंबरचा. पुतण्या हसत सुटला. हे ओन्टारिओ निघाले कॅलिफोर्नियात, त्याच्या घरापासून मोटारीने तासाभरावर! चॅफी नावाचे दोघे भाऊ कॅनडातून येथे आले आणि १८८२ साली त्यांनी ही वसाहत वसवून तिला आपल्या प्रांताचे नाव दिले. हसण्यासारखे त्यात काही नाही. आमच्या वहिनी डोंबिवलीला राहायला गेल्या तेव्हा त्यांनीही दारावर पाटी लावली होती, ‘गिरगाव’.

ही गोष्ट २००५ सालची. मी नुकताच सेवानिवृत्त झालो होतो आणि वहिनींनी लेकासाठी दिलेले फराळाचे डबे घेऊन, दिवाळी आटोपताच अमेरिकेत पोचलो होतो. चकल्यांचा वाटेत चुरा झाला होता. तो पुतण्याने चमच्याने खाल्ला.

ओन्टारिओला ११ आणि १२ नोव्हेंबरला पॉडकास्टिंगवाल्यांची परिषद होती. हल्ली माझी नातवंडेसुद्धा कानात बोंडे घालून पॉडकास्ट ऐकत जेवतात. पण तेव्हा तो शब्द दोन वर्षांचाही नव्हता. बेन हॅमर्स्ली या इंग्रज पत्रकाराने २००४ च्या फेब्रुवारीत ‘गार्डियन’मध्ये तो प्रथम लिहिला. पुतण्याने मला समजेल अशा भाषेत सांगितले, ‘काका, हा रतीब आहे. एकदा लावला की नवा भाग आपोआप येऊन पडतो, दारात दुधाची बाटली यावी तसा.’ त्याच वर्षी जूनमध्ये ॲपल कंपनीने आपल्या आयट्यून्समध्ये ही सोय केली, तर पहिल्या दोन दिवसांतच दहा लाखांवर रतीब लागले होते म्हणे. पुतण्याचाही एक मराठी कार्यक्रम होता, जुन्या आठवणींचा. त्याचे रतीबवाले बेचाळीस. त्यांत त्याची बायको आणि दोन मेहुणे धरलेले होते.

परिषदेत मायक्रोफोन विकणारे होते, भाषणे देणारे होते, ‘यातून पैसा कसा मिळवावा’ हे सांगणारे तर फारच होते. त्यांच्यात मी रमलो नाही. मला आवडली ती ऐकायला आलेली माणसे. रात्री बायकामुले झोपली की स्वयंपाकघरात बसून जगाशी बोलणारी! एक जाडजूड गृहस्थ म्हणाले, ‘मी कपड्यांच्या कपाटात शिरून बोलतो. लोंबत्या कोटांमुळे आवाज घुमत नाही.’ ते त्या कपाटात मावत कसे, हे विचारणे मला प्रशस्त वाटले नाही.

संध्याकाळी हॉटेलात गाणे होते. पंचवीस-तीस खुर्च्या, दोन दिवे, आणि गिटार घेतलेली एक किरकोळ मुलगी. दिवसा ती एका दवाखान्यात हिशेब लिही. शेजारी पुठ्ठ्याच्या खोक्यात तिने स्वतःच काढलेल्या सीड्या होत्या. गिटार जुळवता जुळवता ती म्हणाली, ‘कुणाला रेकॉर्ड करायचे असेल तर करा. तुमच्या कार्यक्रमात खुशाल वाजवा. फक्त माझे नाव सांगा.’

मी पुतण्याला कोपराने ढोसले. ‘फुकट?’

त्याने हळू आवाजात समजावले. बड्या कंपन्यांची गाणी अशा कार्यक्रमात परवानगीवाचून वाजवता येत नाहीत, आणि ती परवानगी या कपाटात बसणाऱ्यांना परवडत नाही. मग ज्यांचे गाणे त्यांच्याच मालकीचे आहे असे स्वतंत्र गायक आपणहून मोकळीक देतात. अशा गाण्याला ‘पॉडसेफ’ म्हणतात. शे-दोनशे जणांनी फुकट ऐकले, तर त्यांतले दोघे-चौघे सीडी मागवतात. मालकी मात्र गायकाकडेच राहते.

पुढचे गाणे मी नीटसे ऐकले नाही. मला दादा आठवत होता.

दादा चाली लावी. १९६१ साली त्याच्या दोन चालींची तबकडी एका कंपनीने काढली. त्याला शंभर रुपये मिळाले आणि त्याने एका कागदावर सही केली. त्या आनंदात त्याने चाळीत पेढे वाटले. पुढे गणपतीच्या मंडपात ते गाणे वाजू लागले तेव्हा कळले की चाल आता आपली राहिलेली नाही. तबकडीवर गायिकेचे नाव मोठे होते, दादाचे बारीक, आणि तेही चुकीचे. त्यानंतर त्याने कोणालाही चाल दिली नाही. २०१२ साली आपल्याकडे कायदा सुधारला. आता गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा कंपनीला लिहून देताच येत नाही. पण दादा गेला १९८९ मध्ये. जाण्याआधी एक स्पूल माझ्या हाती ठेवून म्हणाला, ‘ही कोणाला देऊ नकोस.’

१९६३ साली गिरगावातल्या आमच्या खोलीत, मित्राकडून मागून आणलेल्या यंत्रावर मुद्रित केलेले ते गाणे होते. सोळा वर्षे ते माझ्या लोखंडी पेटीत, रेशमी उपरण्यात गुंडाळलेले होते. मी पहारेकरी म्हणून स्वतःवर बेहद्द खूश होतो.

परतताना मोटारीत पुतण्या रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाला, ‘काका, बाबांची एक टेप तुमच्याकडे आहे ना? आई म्हणत होती. मी त्यांचं गाणं कधी ऐकलंच नाही.’

मी म्हटले, ‘बघू.’ आणि मफलर गळ्याभोवती गुंडाळला. खरे सांगायचे तर मला लाज वाटली. बापाचा आवाज मुलाला ऐकू देऊ नये, असे दादा कधी म्हणाला होता?

मुंबईत उतरल्यावर मी स्पूल घेऊन डोंबिवली गाठली. वहिनींना सगळे सांगितले, दादाचे शब्दही सांगितले. त्या म्हणाल्या, ‘अहो भावजी, त्यांना ती कंपनीला द्यायची नव्हती. पोराला द्यायला कोण अडवतंय?’

स्पूल चालणारे यंत्र मिळेपर्यंत संक्रांत उजाडली. एका दुरुस्तीवाल्याच्या दुकानात, बाकावर बसून आम्ही दोघांनी ते ऐकले. टेप जागोजागी खरखरत होती. दादाचा आवाज माझ्या आठवणीपेक्षा पातळ होता. दुसऱ्या अंतऱ्यात मागून ट्रामची घंटा वाजते. ती ट्राम पुढच्या वर्षी, १९६४ च्या मार्चअखेर बंद पडली. वहिनी डोळे मिटून ऐकत होत्या. गाणे संपले, क्षणभर नुसती खरखर, आणि मग एका कोवळ्या मुलीचा आवाज आला, ‘आता पेटवू का स्टो?’

लग्नाला तेव्हा सहा महिने झाले होते. स्टोचा फरफराट टेपवर येऊ नये म्हणून त्यांनी स्वयंपाक खोळंबून ठेवला होता.

‘तेवढं काढून टाकायला सांगा हं त्याला,’ वहिनी पदराने चष्मा पुसत म्हणाल्या.

पुतण्याने काढले नाही. त्या वर्षीच्या पाडव्याला गाणे जसेच्या तसे गेले. त्याने आधी दादाचे नाव सांगितले आणि मग म्हटले, ‘ज्याला वाजवायचे असेल त्याने वाजवावे, विकू मात्र नये.’ आठवड्याने न्यू जर्सीहून एका गृहस्थांचे पत्र आले. चाल चांगली आहे, असे एका ओळीत लिहून पुढे दीड पान त्यांनी ट्रामविषयी लिहिले होते. ती घंटा ऐकून आपण खुर्चीतून उठलो, असे त्यांनी कळवले होते.

वहिनींनी ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. मग जरा थांबून म्हणाल्या, ‘स्टोचं काही लिहिलं नाही ना त्यांनी?’