फोडणीचा वास

बदलीच्या नोकरीत माणसाचे घर नेमके कशाचे बनलेले असते, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाला केव्हा ना केव्हा पडला असेल. भिंती सरकारच्या, पलंग सरकारचे, कपाटांच्या पाठीवर सरकारी क्रमांक रंगवलेले. दारावरची पाटी तर तीन वर्षांनी उतरणारच. माझ्यापुरते उत्तर मला फार पूर्वी सापडले होते. नव्या गावी सामानाची खोकी अर्धवट उघडलेली असावीत, कोणत्या बटणाने कोणता दिवा लागतो याचा पत्ता नसावा, आणि अशा वेळी आतून मोहरी तडतडल्याचा आवाज यावा व त्यामागोमाग हिंगाचा वास यावा. त्या क्षणी ती वास्तू आपली होते. रायपूर, भुवनेश्वर, चंदीगड आणि शिलाँग, सर्व ठिकाणी मी कार्यालयाचा ताबा घेण्यापूर्वी आमच्या घरातील फोडणीने क्वार्टराचा ताबा घेतलेला आहे.

शिलाँगला आम्ही २०१९ साली गेलो. समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटर उंचीवरचे हे गाव. पाइनची झाडे, उतरती पत्र्याची छपरे आणि महिनोन्‌महिने पाऊस. तिथल्या पहिल्या होळीला पुरणासाठी चणाडाळ उघड्या पातेल्यात शिजत घातली, ती काही केल्या शिजेना. मी वाण्याला दोष देऊ लागलो. आमची ही मात्र शांत होती. लग्नापूर्वी आणि लग्नानंतरही काही वर्षे तिने नागपूरच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले आहे. माझ्या दुसऱ्या बदलीच्या वेळी तिने ती नोकरी सोडली. त्याविषयी ती कधी बोलत नाही, आणि न बोललेल्या गोष्टी संसारात कोठे जाऊन बसतात हे वाचकांना सांगावयास नको. तिने मला समजावून दिले की या उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी १०० अंशांऐवजी ९५ च्या आसपासच उकळू लागते. मग कितीही जाळ केला तरी पाणी त्यापुढे तापत नाही, नुसती वाफ वाढते. "डाळीचा काही दोष नाही हो, आकाशाचा आहे," असे म्हणून तिने ती डाळ कुकरात ओतली.

त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरात एक वही आली. डाव्या बाजूस पदार्थ, मध्ये मापे आणि वेळ, उजवीकडे शेरा. शेरे लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. उभा जन्म शेरे लिहिण्यात गेलेल्या माणसास याहून योग्य काम कोणते? "पुनर्विचारार्थ परत," "तत्त्वतः मान्य," "यापुढे असा खर्च होऊ नये," असे माझे शेरे त्या वहीत आजही वाचावयास मिळतात.

शेजारी एक खासी बाई राहत. तिकडे वडीलधाऱ्या स्त्रीला आदराने 'काँग' म्हणतात, तसेच आम्हीही म्हणू लागलो. काँगमुळे आम्हांला इउदुहचा बाजार कळला. इतर लोक त्याला बडा बाजार म्हणतात. तेथे गल्ल्यांवर बहुतेक बायकाच बसतात, आणि घासाघीस करणाऱ्या पुरुषाकडे त्या ज्या नजरेने पाहतात ती आमच्या लेखापरीक्षकांनी शिकण्यासारखी आहे. खासी समाजात कुळ आईकडून चालते आणि घर सर्वांत धाकट्या मुलीकडे जाते, हे ऐकल्यावर आमच्या हिने माझ्याकडे अर्थपूर्ण दृष्टीने पाहिले होते. जैंतिया टेकड्यांतील लाकाडाँगची हळद आम्ही तेथेच प्रथम घेतली. तिचा रंग एवढा गर्द की आमच्या नेहमीच्या मापाने वरण केशरी झाले. वहीतील माप निम्म्यावर आले.

काळ्या तिळांची गोष्ट मात्र मापाने सुटण्यासारखी नव्हती. खासी स्वयंपाकात काळे तीळ भाजून, वाटून पुष्कळ पदार्थांत घालतात. आपल्याकडे काळे तीळ म्हटले की तर्पण आठवते. संक्रांतीला तेवढी त्यांची गय होते. काँगने पहिल्यांदा आणून दिलेली ती काळीभोर भाजी हिने दोन दिवस झाकून ठेवली होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आपण जवसाची चटणी खातोच ना? ती तरी कुठं गोरी असते?" ज्वारीच्या भाकरीबरोबर ती भाजी फार चांगली लागली.

आता वाइनविषयी. हा शब्द वाचताच काही वाचकांच्या भुवया चढतील याची मला कल्पना आहे. आपण १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या छायेत वाढलेली माणसे. 'परमिट रूम' ही पाटी दिसली की पावले आपोआप पलीकडच्या फुटपाथवर जात. पण आमच्या आजीच्या फडताळात द्राक्षासवाची बाटली कायम असे, आणि भूक लागत नाही म्हणून ती रोज जेवणानंतर दोन चमचे घेई. धायटीच्या फुलांनी आंबवलेला, महिनाभर बंद बरणीत मुरवलेला तो द्राक्षांचा रस. त्यात मद्यांश आपोआप तयार होतो हे वैद्यांना ठाऊक होते, आजीला ठाऊक नव्हते, किंवा असल्यास तिने तसे दाखवले नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने 'मानसोल्लासा'त अन्नभोगाप्रमाणे पानीयभोगही सांगितला आहे. तेव्हा आपली परंपरा आपण समजतो तेवढी सोवळी नाही.

शिलाँगमध्ये फळांची वाइन घरोघरी करतात. सोहिओंग नावाची रानटी काळी चेरी, सोहफी नावाचे आंबटगोड लाल फळ, झालेच तर आले आणि फणससुद्धा. २०२० साली मेघालय सरकारने या घरगुती उद्योगाला परवान्याच्या चौकटीत आणले. काँगने रीतसर परवाना घेतल्यावरच मी तिच्या बरण्यांजवळ गेलो, सवयीचा भाग. हिला मात्र त्यात निराळाच रस वाटला. लिटरला सुमारे १७ ग्रॅम साखर आंबली की एक टक्का मद्यार्क तयार होतो, हे गणित तिने काँगला कागदावर मांडून दाखवले. काँगने ते लक्षपूर्वक ऐकले आणि पूर्वीप्रमाणेच मुठीने साखर घातली. तीन महिन्यांनी त्या मुठीचे माप हिच्या गणिताशी फार जवळ आले, याचा हिला आनंद झाला की राग आला हे मला अजून ठरवता आलेले नाही.

शनिवारी संध्याकाळी लहानशा पेल्यातून ती वाइन आणि सोबत काही तरी नवे करून पाहावे, असा आमचा नेम पडला. तिखटजाळ झुणक्याबरोबर तुरट, कोरडी वाइन घेतली तर जिभेची आग वाढते. गोडसर सोहफी घेतली तर निवते. पुडाच्या वडीबरोबर ती विशेष लागते. (आम्हां वैदर्भीयांना कोथिंबिरीला सांबार म्हणण्याची सवय, त्यामुळे चंदीगडला आम्ही भाजीवाल्याकडे सांबार मागितला आणि त्याने आम्हांला एका मद्रासी उपाहारगृहाचा पत्ता दिला होता.) रजेत नाशिकला गेलो तेव्हा तिकडच्या द्राक्षमळ्यांतील शेनँ ब्लाँही चाखली. चांगली होती. पण सोहिओंगचा तो गर्द जांभळा रंग तिला कोठून यावा!

मे २०२१ मध्ये आम्हां दोघांना कोविड झाला. मी आठ दिवसांत उठलो. हिचा तापही उतरला, खोकलाही गेला. पण वास गेला तो गेलाच. प्रथम आम्ही ते हसण्यावारी नेले. मग एके सकाळी दूध उतू जाऊन करपले, सारे घर धुराने भरले, आणि ही शेजारच्या खोलीत निवांत वर्तमानपत्र वाचीत होती. त्यानंतर गॅसच्या शेगडीची मला धास्ती बसली. रात्री दोनदा उठून मी कळ पाहून येई. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम दुर्गंधी द्रव्य मिसळतात. आमच्या घरी ती सारी योजना एका नाकावर येऊन ठेपली होती.

पण खरे दुःख ते नव्हते. एके दिवशी ती ओट्याशी फोडणी करीत उभी होती. मोहरी तडतडली, हिंग पडला. ती तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, या घराला वासच नाही. दुसऱ्या कुणाच्या घरी येऊन राहिल्यासारखं वाटतं."

घराविषयी तिच्या मनात काय चालले आहे याची चौकशी मी बहुधा कधी केली नव्हती. ते तिने त्या एका वाक्यात सांगून टाकले.

ज्याला आपण चव म्हणतो तिचा फार मोठा भाग वासच असतो. घास चावताना घशामागून नाकात चढणारा. तो गेला की जिभेपाशी उरतात खारट, आंबट, गोड, कडू आणि शिजलेल्या डाळीत, आंबवलेल्या पदार्थांत असते ती मांसल गोडी. याखेरीज तिखटाची आग, आल्याचा चटका, पुदिन्याचा गारवा, हे कळतात. कारण ते वास नव्हेतच, ती स्पर्शाची भावंडे. हे सारे हिनेच मला सांगितले, आणि वही पुन्हा उघडली. आता शेरे ती लिहिणार आणि स्वयंपाक मी करणार, असे ठरले. विराटाच्या घरी भीमाने बल्लव होऊन वर्षभर रांधले. मला तर सुटीचे दिवस आणि संध्याकाळच तेवढी रांधावयाची होती.

पहिले यश पंचामृताला मिळाले. चिंच, गूळ, मिरची, तीळ, शेंगदाणे: आंबट, गोड, तिखट आणि वर दाताखाली येणारा दाणा. वहीत शेरा पडला, "काहीतरी खाल्ले." त्या दोन शब्दांनी मला बढतीच्या हुकमापेक्षा अधिक आनंद झाला. मग आम्ही कुरकुरीतपणाच्या मागे लागलो. भातावर तळलेले सांडगे, वरणावर चुरलेला पापड, गोळाभातातील बेसनाचे गोळे थोडे अधिक भाजलेले. काँगने तुंग्रिम्बाई आणून दिली. ती आंबवलेल्या सोयाबीनची असते आणि तिच्या वासाने एरवी आमच्यासारखी माणसे अंगणात पळतात. ही शांतपणे भाकरीबरोबर जेवली. मी खिडकी उघडून बसलो होतो.

वाइनच्या बाबतीत तर तिचे मत माझ्याहून खरे ठरू लागले. वासाची भुरळ नसल्यामुळे तिला केवळ आंबटपणा, गोडी आणि तुरटपणा कळे. "जांभूळ खाल्ल्यावर जीभ जड होते तसं होतंय, पण साखर जास्त आहे," असे तिने एकदा सोहिओंगविषयी सांगितले. काँगने दुसरा घोट घेतला, विचार केला, आणि त्या वर्षीच्या बरण्यांत साखरेची मूठ लहान झाली.

सप्टेंबरात वास परत आला, पण ओळखीचा नव्हे. कांदा परतला की तिला सडल्यासारखा वास येई. लसूण तसाच, कॉफी तर जळक्या रबरासारखी. वास टिपणारे मज्जातंतू पुन्हा उगवताना त्यांची जोडणी चुकते, असे डॉक्टरांचे स्पष्टीकरण होते. मला ते पटले. टपाल परत सुरू झाले आहे पण पत्ते बदलले आहेत, असा काहीसा प्रकार. पण कांदा-लसणाशिवाय रोज काय करावे? पाटवडीचा रस्सा तर भाजलेल्या कांद्यावाचून उभाच राहत नाही. तेव्हा मला आईचा चातुर्मास आठवला. चार महिने कांदा-लसूण वर्ज्य करूनही आमच्या घरी कोणी अळणी जेवले नव्हते. ताकाची कढी, भोपळ्याचे भरीत, मेथकूट, खोबरे आणि जिरे वाटून केलेली डाळ. आईने जे पुण्यासाठी केले ते मी औषधासाठी केले. आमचा चातुर्मास मात्र चौदा महिने चालला.

वासाचा व्यायाम असतो हेही याच काळात समजले. जर्मनीतील ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला: गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास सकाळ-संध्याकाळ काही सेकंद हुंगावयाचे, निदान बारा आठवडे. परदेशी उपचाराचे सारे साहित्य आमच्या देवघरात, फडताळात आणि औषधांच्या डब्यात आधीपासूनच होते. हिने त्यात पाचवी कुपी स्वतःच्या जबाबदारीवर वाढवली. तीत हिंगाचा खडा होता. सकाळी कार्यालयात निघण्यापूर्वी ती डोळे मिटून बसे आणि मी एकेक कुपी तिच्या नाकाशी धरी. लग्नाला तीस वर्षे झाली होती. इतके जवळ, इतके गप्प आम्ही पूर्वी कधी रोज बसलो नव्हतो.

लवंग प्रथम आली, मग लिंबू. गुलाब अजूनही पुसट आहे. हिंग आला तो नोव्हेंबर २०२२ मध्ये, आणि कुपीतून नव्हे. रविवारी मी वरणाला फोडणी देत होतो. आतल्या खोलीतून तिने हाक मारली, "अहो, हिंग जास्त झालाय." मी काही बोललो नाही. झारा हातात तसाच राहिला आणि मोहरी मात्र जळाली.

२०२३ साली आमची कोलकात्यास बदली झाली. कांदा ती आता सोसते. कॉफी नाही, म्हणून मीही घेत नाही. काँगने निघताना साखर कमी घातलेल्या सोहिओंगची एक बाटली दिली होती. ती कोणत्या पदार्थाबरोबर उघडावी याचा निर्णय वहीत अद्याप प्रलंबित आहे. ही म्हणते पाटवडी, मी म्हणतो पंचामृत.