पाठ असलेली पदे

आमच्या आजीला अक्षरओळख नव्हती. पण 'उपासना संगीत' हे आपले मराठी गीतांचे पुस्तक तिला जवळजवळ मुखोद्गत होते. चर्चमध्ये पेटीचा सूर लागायचा अवकाश, आजीचा आवाज सगळ्यांच्या आधी उठायचा. भाकऱ्या थापतानाही तेच. प्रभूचा जन्म, दुःखसहन, पुनरुत्थान हे सारे मला पवित्र शास्त्र हाती येण्याआधी तिच्या गळ्यातून कळले.

सेमिनरीत निघालो तेव्हा ट्रंकेत आजोबांची 'उपासना संगीत'ची प्रत आईने घातली. पाठीला खाकी कागद चिकटवलेला, कोपरे दुमडलेले, रोजच्या वापरातल्या पानांवर बोटांचे काळपट डाग. सेमिनरी लहानशी होती. वर्गात मोजकीच मुलेमुली. जेवण वाढायची आणि चॅपेल झाडायची पाळी सगळ्यांवर यायची. अभ्यासक्रम मात्र सेरामपूर कॉलेजचा. 1818 साली कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी काढलेल्या त्या कॉलेजला 1827 मध्ये डेन्मार्कच्या राजाने पदव्या देण्याची सनद दिली. आजही देशभरातल्या कितीतरी सेमिनरी त्याच पदव्यांसाठी विद्यार्थी घडवतात.

पहाटे ग्रीक क्रियापदे घोकायची, ज्या हेलात शाळेत 'रामः रामौ रामाः' म्हटले त्याच हेलात. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचताना डोळे शिणायचे. मंडळीचा इतिहास, ईश्वरविज्ञान, प्रवचनशास्त्र असा दिवस सरायचा. सायंप्रार्थनेला कुणीतरी पेटी ओढायचा, कुणी तबला घ्यायचा, आणि मी आजोबांचे पुस्तक उघडायचो.

त्यातल्या पदांखालचे रेव्हरंड टिळकांचे नाव तोवर केवळ नाव होते. इतिहासाच्या तासाला ते माणूस म्हणून भेटले. नारायण वामन टिळक, जन्म 1861, कोकणातल्या करजगावचा. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे नगरच्या सेमिनरीत विद्यार्थ्यांना शिकवले. आपल्या मंडळ्या तेव्हा बऱ्याचशा परक्या चालींवर मराठी शब्द बसवून गात. टिळकांनी त्यांच्या ओठी अभंग दिले, पदे दिली, ख्रिस्ती कीर्तन उभे केले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनीही कीर्तने केली. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे टिळक मोकळेपणाने सांगत. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला आणि 1919 मध्ये ते गेले. आजी भाकऱ्या थापताना जे गात होती, ते एका सेमिनरीच्या शिक्षकाने लिहिलेले होते, हे त्या तासाला कळले आणि माझ्या पाचारणाला घर मिळाले.

शनिवार-रविवार आम्हाला खेड्यांतल्या मंडळ्यांत पाठवत. रोमकरांस पत्रातल्या कृपेवर मी वहीभर टिपणे काढली होती. एका वस्तीवर, ऊसतोडणीवरून आलेल्या बाया कंदिलाभोवती बसून टाळावर एक पद म्हणत होत्या. घामाने साडी अंगाला चिकटलेली, हातांना पाचटाचे चरे, आणि पोटभर विश्वासाने गाणे चाललेले. माझ्या वहीतली कृपा त्यांच्या मुखी होती. सेमिनरीतल्या शिक्षणाचा उपयोग त्या दिवशी मला नीट उमगला: पाळकाने खोल शिकावे, ते मंडळीच्या ओठांवर काय ठेवायचे हे जाणून निवडता यावे म्हणून.

आज पाळक म्हणून मी दुःखाच्या घरी जातो तेव्हा संदेश थोडाच देतो. माती देऊन आल्यावर घरची माणसे रात्री ओसरीवर बसतात, कुणीतरी पद सुरू करतो, आणि ज्यांना रडूही आलेले नसते ते गाऊ लागतात. माझ्या सगळ्या पदव्यांपेक्षा ते पद त्यांना जास्त सावरते. त्यांना ते पाठ असते म्हणूनच सावरते.

अलीकडे पडद्यावर शब्द उमटतात आणि दर काही महिन्यांनी गाणी बदलतात. नव्या गाण्यांना माझा विरोध नाही. तरुणांचा उत्साह मला प्रिय आहे. पण जे पाठ होत नाही ते संकटात सोबत करत नाही. म्हणून सेमिनरीत जाणाऱ्या प्रत्येक मुलाला, मुलीला माझे कळकळीचे सांगणे आहे: ग्रीक शिका, हिब्रू शिका, आणि तितक्याच निष्ठेने पेटीवर बसा. शंभर पदे पाठ करा आणि मंडळीतल्या लेकरांकडून पाठ करून घ्या. प्रवचन विसरले जाते; पद माणसापाशी राहते.