भुताची साक्ष

भुताखेतांच्या गोष्टी अडाण्यांसाठींच असतात, असें सुशिक्षितांनीं ठरवून टाकलें आहे. अमेरिकेंतील वेस्ट व्हर्जिनिया संस्थानांतली एक हकीकत मात्र आम्हांस इतकी सहज हातावेगळी करवत नाहीं.

१८९७ च्या जानेवारींत ग्रीनब्रायर परगण्यांत झोना शू ही नवविवाहिता घरांत मृत आढळली. लोहार नवऱ्यानें डॉक्टरास तिची मान धड पाहूं दिली नाहीं. मृत्यु नैसर्गिक ठरला, दफनही झालें. पुढें तिची आई मेरी जेन हीस्टर सरकारी वकिलाकडे गेली. लेक चार रात्री येऊन, नवऱ्यानें आपली मान मोडल्याचें सांगून गेली, असें तिचें म्हणणें. तपासणी अपुरी राहिल्याचें डॉक्टरानेंही कबूल केलें. फेब्रुवारींत प्रेत उकरलें. मान खरोखरच मोडलेली निघाली.

खटल्यांत सरकारी वकिलानें भुताचें नांवही काढलें नाहीं. तें काढलें आरोपीच्या वकिलानें, आईस हास्यास्पद ठरविण्यासाठीं. ती माउली तसूभरही ढळली नाहीं. जावयास जन्मठेप झाली. १९०० सालीं तो तुरुंगांतच मेला.

भूत खरें कीं खोटें, या वादांत आम्ही शिरत नाहीं. पण आईचा नुसता संशय कोणीं कानावर घेतला असता काय? जिवंत बाईच्या शब्दास जेथें वजन नसतें, तेथें तिला मेलेल्या लेकीचा शब्द पुढें करावा लागतो.